आत्याच्या पुस्तकातला रस्सा

"शेवटची प्रत मघाशीच गेली हो," पुस्तकवाला म्हणाला. "समोरच्या खानावळवाल्यानं नेली."

ती तडक रस्ता ओलांडून खानावळीत शिरली. मोठ्या हॉटेलातली नोकरी सोडून ती गावोगाव पाककृतींची जुनी पुस्तकं शोधत हिंडत होती. विसरलेले पदार्थ रांधणारी स्वतःची खानावळ काढायची, हे डोक्यात पक्कं होतं. आईनं अबोला धरला, तरी ती मागे फिरली नव्हती.

खानावळवाला तरुण होता, कोपरापर्यंत पिठानं माखलेला.

"पुस्तक? नाही मिळणार," तो हसून म्हणाला. "माझ्या आत्यानं लिहिलंय ते. आता तिलाच काही आठवेनासं झालंय... म्हणून शोधून आणलं."

तिचा आवाज खाली आला. "मग मी... इथेच बसून उतरवून घेते. चालेल?"

"चालेल. पण जो पदार्थ रांधाल, तेवढाच उतरवायचा!"

"एवढंच ना?" तिनं ओढणी खोचली.

पहिल्याच दिवशी कोवळ्या भोपळ्याचा रस्सा बुडाला लागला.

"तुमच्या हॉटेलात असाच वाढायचे?"

"भांडंच पातळ आहे तुमचं!" ती फणकारली आणि पुन्हा भोपळा चिरायला बसली. दुसऱ्या खेपेला रस्सा पाणचट झाला. तिसऱ्या खेपेला त्यानं चव घेतली आणि वाटी कोपऱ्यात बसलेल्या आत्यापुढे ठेवली.

आत्यानं बोट चाटलं, डोळे मिटले. "तीळ जरा आणखी भाजायचे गं..."

किती दिवसांनी आत्याला काही आठवलं होतं! त्यानं मान वळवली, पण त्याचे भरून आलेले डोळे तिला दिसलेच.

मग पानं उलटत गेली, पण फार सावकाश. कधी चूल मोकळी नसे, कधी तो म्हणे, भाजीच ताजी नाही. शेवटच्या पानाशी तर रोज नवं निमित्त निघू लागलं.

"शिकवायचंच नाहीये का तुम्हाला?" तिनं वाट अडवून विचारलं.

"शिकवलं की... तुम्ही जाणार."

"जाणारच. पुढच्या गावातही एक पुस्तक आहे म्हणतात. ते मिळाल्याशिवाय मी काही थांबत नाही."

त्यानं पळी उचलली आणि उगाच पातेलं ढवळू लागला.

"आणि मग इथेच येणार," ती म्हणाली. "वेगळी खानावळ कशाला? या चुलीवर जागा आहे की!"

"फक्त... चुलीवर?"

तिचे कान तापले, पण तिनं नजर हटवली नाही. "चुलीवर, आत्यापाशी आणि... तुझ्यापाशी. देशील?"

ते 'तुझ्यापाशी' ऐकून त्याच्या हातातली पळी तशीच राहिली.

"ये," तो म्हणाला. "लवकर ये."