पहिला अंगठा

डिप्लोमाचं शेवटचं वर्ष आम्हाला एखाद्या कंपनीत काम करून काढायचं असे. ज्यांच्या घरात कुणी साहेब होतं, ती मुलं हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत गेली. माझे मामा धायरीत दूध घालत आणि काका निवडणुकीत पडलेले. म्हणून मला एरंडवण्यातल्या एका बंगल्याचा तळमजला मिळाला. फाटकावर कंपनीची पाटी लहान आणि ‘येथे गाडी लावू नये’ ही मोठी.

कंपनी हजेरीची यंत्रं बनवायची. काचेवर अंगठा टेकायचा, यंत्राला ओळख पटली की हिरवा दिवा लागायचा आणि आतून बाईचा आवाज यायचा, ‘धन्यवाद.’ आवाज हेमा मॅडमचा. हिशेब, चहा, कुरिअर आणि मालकांचा राग अशी चार माणसांची कामं त्या एका पगारात करत, हे पाचवं. यंत्राबाहेर हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

मालक म्हणजे दिगंबर सर. हुशार माणूस, आणि ते समोरच्याला लवकर कळावं याची काळजी घेणारा. पहिल्या दिवशी माझी मार्कलिस्ट बाजूला सारून त्यांनी माझा हात बघितला.

“घरी शेती?”

“होती. आता तिथे बिल्डिंग आहे.”

“तुमची?”

“बिल्डरची.”

“वा! अंगठा मात्र शेतातलाच राहिलाय. हेमाताई, रेघा बघा, नांगरल्यासारख्या. आमच्या पेठेत पिढ्यान्‌पिढ्या नुसती पानं उलटली, त्यामुळे अंगठे गुळगुळीत.”

माझं काम तिथेच ठरलं. नवं यंत्र तयार झालं की पहिला अंगठा माझा. चाचणी झाली की तो आतून पुसायचा आणि यंत्र गिऱ्हाइकाकडे पाठवायचं. मी प्रोग्राम लिहायला शिकायला आले होते. पण सर म्हणाले होते, “वर्षभर नीट आलात, तर कायम करून टाकू.” आमच्या घरात कायम असं काही उरलं नव्हतं. जमिनीचा पैसा एक गाडी, दोन लग्नं आणि काकांची निवडणूक यांत जिरला होता. वडील आमच्याच रानावर उभ्या राहिलेल्या बिल्डिंगचे वॉचमन होते. मी अंगठा पुढे केला.

संध्याकाळी माझा आजा, गेनबा, ओट्यावरून विचारायचा, “आज काय केलंस हापिसात?”

“अंगठा दिला.”

“म्या एकदाच दिला, तर आख्खं रान गेलं. तू रोज देतीस व्हय?”

आम्ही दोघं हसायचो.

माझ्या अंगठ्याची यंत्रं तक्रारीशिवाय चालू लागली. त्याआधीची, गेली तशी परत यायची. सर विज्ञानवादी. पत्रिका आणि मुहूर्त काढणाऱ्यांची चहाच्या एका कपात तीन पिढ्यांसकट टवाळी करत. पण दिवाळीच्या सुमारास मी एका यंत्रातला अंगठा पुसायला घेतला, तर म्हणाले, “राहू द्या. पहिला नंबर तुमचाच राहू दे.”

“का सर?”

“बोहनी,” ते म्हणाले आणि लगेच सावरून घेतलं, “तांत्रिक कारण आहे. तुम्हाला नाही कळणार.”

तेव्हापासून हेमा मॅडम खोक्याला कुंकू लावत आणि यंत्र माझा अंगठा पोटात घेऊन निघे. नगरला, कराडला, सोलापूरला. मी स्वतः लोणावळ्यापलीकडे गेलेली नव्हते.

संक्रांतीनंतर सासवडच्या बाजूच्या एका शाळेतून मुख्याध्यापकांचा फोन आला.

“यंत्र उत्तम आहे आपलं. फक्त ही शालू कोण?”

“चाचणीचं नाव आहे सर. आत राहून गेलंय,” मी म्हणाले. नाव माझंच होतं.

“राहू द्या की. बाई रोज सगळ्यांच्या आधी हजर असतात. आमचे शिक्षक घंटेनंतर येतात, तुमची चाचणी वेळेवर येते.”

आत साठवलेला अंगठा आपणहून हजेरी लावत नाही. त्यासाठी काचेवर काहीतरी टेकावं लागतं. मी सगळा प्रोग्राम ओळ न् ओळ वाचला. चूक सापडली नाही. मग एका दवाखान्याचा फोन आला, पाठोपाठ एका साखर कारखान्याचा. कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन मला म्हणाला, “तुमच्या त्या शालू मॅडम चहा का घेत न्हाईत? इचारलं की नुसत्या बघत्यात.”

मी ते सरांना सांगितलं.

“वॉचमन स्वतः काय घेतो, ते विचारलंत का?” सर म्हणाले.

शाळेचं यंत्र आम्ही तपासायला मागवलं. ते पोचायच्या आदल्या संध्याकाळी घरी विळीवर कांदा चिरताना माझ्या अंगठ्याला तिरका काप गेला होता. खोकं तेव्हा कुरिअरच्या गाडीत होतं. सकाळी ते मीच फोडलं. चिकटपट्टी शाबूत होती. आत, यंत्राच्या काचेवर एक ठसा होता. ओला. त्याच्या मधोमध तिरकी रेघ.

हेमा मॅडमनी काच बघितली. मग माझ्या अंगठ्यावरची पट्टी बघितली. मग पदराने काच पुसली.

“कुरिअरवाल्यांचे हात मेले घाण असतात,” त्या म्हणाल्या. दिवसभर पदराचं ते टोक मात्र त्यांनी अंगाला लागू दिलं नाही.

काप भरला. त्याच्याबरोबर रेघाही भरत गेल्या. आधी कडेच्या, मग मधल्या. धायरीच्या डॉक्टरांनी विचारलं, भांडी फार घासता का? हेमा मॅडमनी साय लावायला सांगितली. मी साय लावली, तूप लावलं. अंगठा फक्त जास्त चकचकीत झाला.

आमच्या दारावरही आमचंच यंत्र होतं. ते मला ओळखायला वेळ लावू लागलं. मग एका सकाळी हेमा मॅडमच्या आवाजात म्हणालं, ‘पुन्हा प्रयत्न करा.’ दुसऱ्या दिवशीही तेच. मी डावा अंगठा नोंदवायला गेले. सर म्हणाले, “एका माणसाला एकच अंगठा. नियम आहे.” नियम त्यांनीच केलेला होता.

वर्ष संपताना त्यांनी मला आत बोलावलं.

“गेला महिनाभर तुम्ही आलाच नाहीत.”

“सर, मी रोज इथे समोर बसते.”

“ते दिसतंय. नोंद नाही.”

“पण तुम्हाला दिसतेय ना मी?”

त्यांनी चष्मा काढून पुसला. तो परत लावायची घाई केली नाही.

“मी गिऱ्हाइकाला सांगतो, माणसाचं ऐकू नका, यंत्राचं ऐका. मीच तुमचं ऐकायला लागलो, तर विकू काय?”

मी निघताना हेमा मॅडमनी हातावर लाडू ठेवला. वर बघितलं नाही.

मी फाटकाशी पोचले, तेव्हा मागून आवाज आला. ‘धन्यवाद.’

वळून पाहिलं. दाराशी कुणी नव्हतं. खिडकीतून ते दोघं आपापल्या जागी बसलेले दिसत होते. सरांची मान खाली होती. हेमा मॅडम दाराकडे बघत होत्या.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी मी घरी भांडी घासत होते. फोन वाजला.

“शालू, काल तू लगेच निघालीस, म्हणून सांगायचं राहिलं बाई,” हेमा मॅडम म्हणाल्या. “सरांनी तुला कायम केलं.”

“काल?”

“म्हणाले, आता कशी सुधारली. बोलत नाही, चहाला उठत नाही, सुट्टी मागत नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना माणूस पसंत पडलंय.”

“मॅडम, मी धायरीत आहे. घरी.”

पलीकडे पंख्याची घरघर ऐकू येत होती.

मग लांबून, त्यांचाच दुसरा आवाज आला. ‘धन्यवाद.’

“ठेवते गं,” हेमा मॅडम अगदी हळू म्हणाल्या. “तू आलीस.”

आजा दारातून बघत होता.

“कुनाचा फोन?”

“हापिसातला.”

“केलं का मग कायम?”

“केलं.”

“मंग पेढं आन की!”

मी फोन ओट्यावर ठेवला. त्याच्या काचेवर माझ्या ओल्या अंगठ्याचा डाग होता. तो हळूहळू वाळला, पण त्यात एकही रेघ निघाली नाही.