तेविसावी तार

नेटवर्क बदलायचं तर ऑफिस रिकामं हवं, म्हणून आम्ही ओणम सणाच्या मुख्य दिवसाची, तिरुवोणमचीच दुपार निवडली. आलप्पुळातलं काथ्या निर्यात करणारं ऑफिस. सगळे आपापल्या घरी पानावर बसलेले, आणि मी नि माझा भागीदार जॉसी जिन्याखालच्या खोलीत तारा मोजत होतो. काम सरळ होतं. सगळ्या तारा ज्या डब्यात जोडलेल्या असतात तो जुना स्विच काढून नवे दोन लावायचे, कुठली तार कुठल्या पोर्टात जाईल ते कागदावर मांडायचं आणि प्रत्येक कॉम्प्युटरला आपोआप पत्ता वाटणारं डीएचसीपी सुरू करायचं.

बावीस तारांवर चिठ्ठ्या होत्या. तेविसावीवर नव्हती. ती सरळ भिंतीत शिरत होती, आणि ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर बंद असूनही तिच्या पोर्टावरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. चिठ्ठी न लावणाऱ्याच्या नावाने मी मनसोक्त बोटं मोडली.

"कुणाची असेल रे, चेट्टा?" जॉसीने विचारलं. मी वयाने मोठा, म्हणून त्याचा चेट्टा, म्हणजे दादा.

"उपटू या. ज्याची असेल तो ओरडेल."

आमच्या धंद्याची ही जुनी खोड. पण त्या दिवशी ओरडायला होतं कोण? मी बिनधास्त उपटली.

खोलीतल्या टेबलावरचा ऑफिसचा फोन वाजला. मी उचलला.

"चेट्टा... लाव ना परत. इथे अंधार झालाय... मला काहीच दिसत नाहीये..."

आवाज जॉसीचा होता. आणि जॉसी माझ्या शेजारी, हातात पेचकस घेऊन उभा होता. त्यालाही ऐकू गेलं. मी तार परत खुपसू लागलो; ती चौथ्यांदा जागेवर बसली. फोन आपोआप बंद झाला.

"देवाशपथ, चेट्टा," जॉसी पुटपुटला, "ही कधीच काढू नकोस."

नाही काढली. तिच्यासाठी जुना स्विच तसाच कोपऱ्यात चालू ठेवला. डीएचसीपीच्या यादीत एक बिननावाचं यंत्र दिसायचं. दर आठ तासांनी ते आपला पत्ता पुन्हा मागायचं, आणि तो त्याला मिळायचा. भीतीने मी पुन्हा त्या तारेला हात लावला नाही. तिला चिठ्ठी लावायची राहिली ती राहिलीच.

चार महिन्यांनी तिथे रंगकाम निघालं. चिठ्ठी नाही, म्हणजे बिनकामाची, असं समजून रंगाऱ्याने ती तार उपटून ठेवली. मला कळलं ते जॉसीच्या फोनवरून. भर दुपारी, बोटीच्या धक्क्यावर, टळटळीत उन्हात तो उभा होता.

"चेट्टा... अंधार झालाय. मला काहीच दिसत नाहीये..."

मी त्या ऑफिसकडे धावत सुटलो. चूक माझी होती, एका चिठ्ठीची. मोबाइल कानाला लावूनच मी तार जागेवर बसवली. हिरवा दिवा लागला.

"जॉसी, दिसतंय का? बोल ना रे!"

"नाही चेट्टा," तो रडत होता, "अजून अंधारच आहे."

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

"हां, चेट्टा," जॉसीचाच आवाज, अगदी खुशीत. "आता दिसतोयस."