ओला तापमापक

भालचंद्र ओगल्यांच्या नोकरीवर गदा आली ती माझ्यामुळे. हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं सांगताना मला शहाणपणाचा आव आणता येणार नाही.

१९५८ सालची गोष्ट. दिल्लीत मी हवेतल्या बाष्पाचा अभ्यास करत होतो. समुद्रावरून उठलेली वाफ पृथ्वीभर कशी फिरते, कुठे उतरते, हा माझा विषय. देशोदेशींच्या वेधशाळांचे तक्ते टपालाने यायचे आणि पहाडगंजच्या खोलीत मी ते जमिनीवर पसरून बसायचो. बायको, कुमुद, वैतागून म्हणायची, "जगभरची हवा घरात, आणि पाय ठेवायला जागा नाही!"

गाझियाबादबाहेर उसाच्या शेतांलगत एक लहानसं केंद्र होतं. भालचंद्र तिथले निरीक्षक, बावीस वर्षं नोकरी झालेले. पांढऱ्या झडपांच्या पेटीत दोन तापमापक असत. एक कोरडा. दुसऱ्याच्या फुग्यावर मलमल गुंडाळलेली आणि तिची वात खालच्या बाटलीतल्या पाण्यात. मलमलीतलं पाणी उडतं, म्हणून ओल्याचा आकडा नेहमी कोरड्याच्या खाली. फार तर बरोबरीला. वर? छे! आणि बारा एप्रिलला सकाळी साडेआठला भालचंद्रांनी लिहिलं होतं: कोरडा २९.६, ओला ३१.४.

मी तावातावाने शेरा मारला, 'घरबसल्या केलेली खोटी नोंद', आणि कागद वर पाठवला. चौकशी लागली. चौकशी अधिकारी अण्णासाहेब खोट्या नोंदीला कधी माफ करत नसत. नोकरी जाणार, पेन्शनही जाणार हे ठरल्यासारखंच होतं.

मग बाहेरचे जुने तक्ते चाळताना मला खाडाखोड दिसू लागली. ब्रह्मदेशातलं एक केंद्र, प्रशांत महासागरातलं एक बेट, मेक्सिको, सहाराच्या कडेचं एक ठाणं. प्रत्येक ठिकाणी एकच नोंद खोडलेली, शेजारी 'संशयास्पद'. तारखा पुढे पुढे सरकणाऱ्या. नकाशावर ठिपके जोडले तर पृथ्वीभोवती एक वळसा पुरा झाला. तेवीस दिवसांचा. वाटेतला एक ठिपका गाझियाबाद.

बारा एप्रिलनंतर तेवीस दिवसांनी म्हणजे पाच मे.

त्या सकाळी मी केंद्रावर गेलो. भालचंद्रांनी खुर्ची दिली, चहा दिला, तक्रारीचा विषयही काढला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हवा इतकी कोरडी की ओठ तडकत होते.

साडेआठला पाच मिनिटं असताना त्यांनी पेटी उघडली. कोरडा ३१. ओला १९.

"बिल्कुल बरोबर आहे," मी म्हणालो. आवाज माझाच, पण रडवेला.

"थांबा, साहेब," ते म्हणाले.

उसाची सळसळ थांबली. चिमण्या गप्प झाल्या.

आधी वास आला. खारा, समुद्राचा. मग कुजलेल्या पानांचा, कुठल्या तरी घनदाट जंगलातला. मग बर्फाचा. बर्फाला वास असतो हे मला तेव्हा कळलं.

ओल्याचा पारा चढत होता. बावीस. अठ्ठावीस. एकतीस.

बत्तीस.

बाटलीतलं पाणीही चढत होतं. हवा दरवेळी वातीतून पाणी नेते. आज आणून देत होती. बाटली काठोकाठ भरली, सांडली, आणि खालची धूळ त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच ओली झाली.

माझे हात आपोआप जोडले गेले. मी देव मानत नाही. पण एवढी मोठी पृथ्वी, आणि ती या चिमुकल्या बाटलीशी येऊन थांबली होती.

"लिहू का, साहेब?" भालचंद्रांनी दबक्या आवाजात विचारलं.

"लिहा. खाली माझी सही घ्या."

दुसऱ्या दिवशी मी तक्रार मागे घेतली. दोन्ही आकडे, वेळ, मी स्वतः पाहिलं, एवढंच निवेदनात लिहिलं. जास्त लिहिलं असतं तर मलाच वेड्यात काढलं असतं.

अण्णासाहेबांनी निवेदन दोनदा वाचलं. 'निरीक्षक निर्दोष' असं लिहून सही केली. माझा जीव भांड्यात पडला.

मी उठलो तेव्हा ते खिडकीबाहेर बघत होते.

"जयंतराव, छत्तीस साली मी असाच एक आकडा खोडला होता. तरुण होतो, भ्यालो."

त्यांनी फाइल मिटली.

"अच्छा, एक सांगा. बर्फाचा वास अजूनही शेवटीच येतो?"

वासाबद्दल मी कागदावर एक अक्षरही लिहिलं नव्हतं.