भुवईचं उत्तर

१९९८ साल. माझी पस्तिशी उलटली होती, आणि मी त्या हॉस्पिटलात नुकती बदलून आलेली नर्स. एक्स-रेची खोली शोधता शोधता तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत शिरले. एक उंच माणूस काचेची नळी ओठांत धरून रक्तावरचं पिवळं पाणी ओढत होता. तेव्हा सर्रास असंच चालायचं.

"एक्स-रे कुठं?"

त्यानं नुसती उजवी भुवई उडवली.

"मुके आहात का?"

डावी भुवई. मग नळी खाली ठेवून तो हसला. "तोंड उघडलं असतं तर पेशंटचं रक्त माझ्या पोटात गेलं असतं, सिस्टर. तुमच्यासाठी तेही चाललं असतं म्हणा..."

त्या दिवसापासून वॉर्डातलं रक्त खाली न्यायला मीच जाऊ लागले. त्याच्या तोंडात नळी असली की मुद्दाम छेडायचं. "शर्टाला इस्त्री नाही वाटतं आज?" भुवई. "कुणी करणारं नाही?" भुवई थरथरायची, कान लाल व्हायचे. मी त्याचं नावच भुवई ठेवलं.

एकदा बाहेर पाऊस कोसळत होता. मी धीर करून विचारलं, "आमच्या आप्पांना कधी भेटतोस?"

दोन्ही भुवया एकदम वर! नळी कशीबशी खाली ठेवत तो म्हणाला, "या... या रविवारी?"

रविवारी तो आला. आप्पांशी तासभर गप्पा मारल्या, त्यांना हसवलं. निघताना फाटकापाशी मी त्याचा हात धरला, तर बोटाला पट्टी.

"हे काय?"

"काही नाही गं. सोमवारी रक्त वेगळं करायच्या फिरत्या यंत्रात बाटली फुटली, काच घुसली. रक्त एचआयव्हीवाल्याचं होतं, पण घाबरू नकोस—मी दुसऱ्याच दिवशी माझं तपासलं. एकदम स्वच्छ!"



"दुसऱ्या दिवशी? अरे, तूच सांगतोस ना प्रत्येकाला, इतक्यात काही दिसत नाही, तीन महिन्यांनी या म्हणून?"

तो पट्टी चाचपू लागला.

"आणि लागण टाळायच्या गोळ्या? मेट्रनबाईंच्या कपाटात आपल्याच लोकांसाठी ठेवल्यात! तीन दिवसांच्या आत सुरू करायच्या, महिनाभर घ्यायच्या—"

"त्यांनी ओकाऱ्या होतात गं," तो हळूच म्हणाला. "आप्पांसमोर ओकत बसलो असतो, तर दिली असती त्यांनी मुलगी?"

तशीच त्याला ओढत डॉक्टरांच्या घरी नेलं. त्यांनी दिवस विचारला, चष्मा काढला. "उशीर झाला, सिस्टर."

तीन महिने आम्ही हसायचं नाटक केलं. मग त्याच्या तपासणीचा निकाल यायच्या दुपारी मी खाली गेले. त्याच्या तोंडात नळी नव्हती, तरी तो बोलला नाही. भुवईही हलली नाही.

"लग्न करायचंय मला," मी म्हणाले. "तुझ्याशीच."

"आणि तुला लागण झाली तर?"

"निरोध आहेत की... काळजी घेऊ."

"एखाद्या वेळी चूक झाली तर? चुका मला फार छान जमतात."

मी रडले, भांडले, महिनाभर अबोला धरला. तो बधला नाही. पण रोज संध्याकाळी मला बसस्टॉपपर्यंत सोडायला यायचा, मधे एक हात अंतर ठेवून.

एचआयव्हीचं औषध आमच्या हॉस्पिटलात फुकट मिळू लागलं, त्याच्या आदल्या पावसाळ्यात तो गेला. शेवटी त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तेवढं अंतर त्यानं मोडू दिलं. आप्पा मरेपर्यंत विचारायचे, "तो उंच मुलगा येत नाही का गं आता?" मेट्रनबाई निवृत्त झाल्या. त्या गोळ्या आता अपघात विभागात असतात. कुणी मागितल्या की लगेच देतात. तोंडानं नळी ओढणं कधीच बंद झालं. मी लग्न केलं नाही.

निवृत्तीनंतर एचआयव्हीच्या समुपदेशनाच्या खोलीत बसते. परवा एक जोडपं आलं. मुलाचं औषध नुकतंच सुरू झालेलं. त्याच्या रक्तातला विषाणू पुरता दबेपर्यंत मुलीनं रोज एक गोळी घ्यायची—लागण होऊच नये म्हणून, आधीच.

"आजी, मग लग्नाला हरकत नाही ना?"

"काही हरकत नाही, बाळा."

माझ्यासमोरच तिनं पहिली गोळी तोंडात टाकली, पाण्याचा मोठा घोट घेतला. मुलानं घाबरून विचारलं, "कडू आहे का गं?"

तिचं तोंड पाण्यानं भरलेलं. तिनं नुसती भुवई उडवली.

मी खिडकीकडं तोंड फिरवलं.