थोपटणारा हात

भर दुपारी मी औषधांच्या दुकानात हातमोजा आणायला गेलो होतो. सुती, आणि एकाच हाताचा हवा होता. दुकानदार म्हणाला, जोडीच घ्यावी लागेल. मी वाद घातला नाही. हिच्या उजव्या तळव्याची सालं निघू लागली होती, तेवढंच डोक्यात होतं.

मेंदूत रक्तस्राव झाल्यापासून ही बेशुद्ध होती. हाक पोचत नव्हती, टोचलेली सुई कळत नव्हती. फक्त उजवा हात शेजारच्या रिकाम्या गादीवर थोपटत राहायचा. त्या बाजूला कधीकाळी आमचं बाळ निजायचं. दात येण्याआधीच ते गेलं. त्यानंतरही ही झोपेत अशीच थोपटायची. मी मानसशास्त्र शिकवणारा. तिला समजावलं होतं की आधी लक्ष देऊन केलेलं काम पुढे सवयीचं होतं, मग मन घरी नसलं तरी ते चालू राहतं. सायकलसारखं. ती नुसतं "बरं" म्हणाली होती.

शुश्रूषेला आलेल्या मेहुणीलाही मी तेच ऐकवलं. तिने मला सुनावलं की भाऊजी, वर्ग सुटला, आता मोजा चढवा. मग आवाज खाली आणून म्हणाली, "ताईला जायचंय हो... पण हात मोकळा नाही तिचा."

शेवटी मेहुणीनेच हिच्या हाताला मोजा चढवला आणि ती गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली. पडदे ओढलेले. औषधांचा, ओल्या चादरीचा वास. थप... थप... मी ऐकत बसलो. सवय एका तालात चालते, असं मी जन्मभर शिकवलं. हा हात संथ व्हायचा, थांबता थांबता एकदम घाईने चालायचा, पुन्हा समजूत घातल्यासारखा हळू व्हायचा. पलीकडे कुणीतरी चुळबुळत असावं आणि हात त्याचं ऐकत असावा, तसा.

माझ्या कानांचाही दोष असेल. खात्री करायला मी तो हात धरून ठेवला. हिचा श्वास घशात अडकला. आणि रिकाम्या बाजूची चादर हलकेच ओढली गेली...

मी हात सोडला. पलीकडून जाऊन आडवा झालो, मधली जागा सोडून. मला थोपटणं कधी जमलं नव्हतं. झोपलेलं बाळ माझ्या हाताने जागं व्हायचं आणि ही हसायची. तरी म्हणालो, "दे इकडे... आता मी थोपटतो. तू नीज."

तिचा हात थांबला. थोड्या वेळाने श्वासही.

त्यालाही आता बरेच दिवस झाले. मेहुणी तिच्या घरी गेली. दुपारी मी त्याच बाजूला पडून मधली जागा थोपटतो. आताशा लक्ष द्यावं लागत नाही. सवय लागली, असं स्वतःला बजावतो. पटतंच असं नाही.

आज असाच डोळा लागला होता. जाग आली ती थापांनी. माझा हात गादीवर निपचित पडलेला. थापा माझ्या छातीवर पडत होत्या, लहानशा, उबदार. त्यांना ताल नव्हता. एक पडे, मग बराच वेळ काहीच नाही, मग दुसरी, जरा बाजूला चुकलेली. सवयीचा हात असा नसतो. नुकतं शिकणाऱ्याचा असतो, एकेक थाप मनात आणून देणाऱ्याचा.

मी डोळे उघडले नाहीत. फार दिवसांनी मला गाढ झोप येत होती.