पहाऱ्याची बदली

वीज गेली की तुम्हाला म्हातारा आठवतो. एरवी मोबाईलमध्ये मुंडी घालून बसता, तेव्हा मी घरात आहे की स्मशानात, याची कुणाला पडलेली नसते. बरं, सांगतो. पण मध्येच कुणी फिदीफिदी हसलं तर उठून जाईन. ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या भाचीची आहे.

गेल्या डिसेंबरातला दुसरा मंगळवार. भाच्याचा फोन आला. "मामा, एक कडी बसवायचीय. दणकट आणा." मी जातीचा सुतार, कडी म्हणजे माझा डाव्या हाताचा मळ. पेटी उचलली आणि संध्याकाळी त्याच्या घरी पोचलो. दार दाखवलं ते त्याच्या बहिणीच्या खोलीचं.

"आतून ना?"

"बाहेरून," तो म्हणाला.

"बाहेरून कडी गोठ्याला लावतात, गाढवा. ही तुझी बहीण आहे."

"तुम्हाला बोलायला काय जातंय! रात्रभर फाटकापाशी उभी असते. परवा आमचा धाकटा रात्री अंगणात गेला, तर त्याला आडवा पाडून छातीवर गुडघा ठेवला हिनं. पोरगं अजून दचकतंय."

खोटं नव्हतं ते. पण पुढे म्हणाला, "गोळी नाही लागलेली, हातपाय धड आहेत. बाईमाणूस, कागद सांभाळत असेल तिथं. कसला एवढा धसका?"

भाची फौजेत होती. डोंगरावरच्या चौकीवर पहारा करायची. ताडमाड उंच, घरात सगळे तिला शिडी म्हणायचे. ती मागे कधी येऊन उभी राहिली, आम्हाला कळलंच नाही.

"मामा, कडी लांब घ्या हं," ती म्हणाली. "आखूड मी लाथेनं उखडते."

मी हसलो. भाचा नाही हसला.

"डॉक्टरकडे का जात नाहीस, पोरी?"

"गेले ना. फौजेच्या दवाखान्यात. खिडकीवरचा म्हणतो, बाई, तुमच्या मिस्टरांना पुढे पाठवा. म्हटलं, सैनिक मीच. तर हा आपला माझ्या मागे बघतोय, कुणी येतंय का म्हणून."

मी भाच्याला सांगितलं, स्क्रू आखूड पडतायत, सकाळी बघू. पडत नव्हते.

रात्री पुढच्या खोलीत झोपलो. एक वाजून गेला असेल, जाग आली. खिडकीतून पाहिलं तर ही फाटकाच्या खांबापाशी उभी. ताठ. अंगावर शाल नाही. घोंगडी घेऊन बाहेर गेलो.

"किती वेळ उभी राहणार?"

"बदली येईपर्यंत."

मग तिनं सांगितलं. चौकीवर नियम असतो. पहारा सोडून जायचं नाही. बदलीची बाई डाव्या बाजूनं येते, खांद्यावर हात ठेवते, तेव्हाच हलायचं. हिच्या बदलीला एक बुटकी पोरगी असायची, चिमणी म्हणायचे तिला. त्या रात्री वाटेतच सुरुंग फुटला. हिनं आवाज ऐकला. पण चौकी सोडता येईना. सकाळपर्यंत उभी होती.

"ती नाही यायची आता, बाळ."

"माहितीये, मामा. मला कळतं. पायांना कळत नाही." मग म्हणाली, "कडी लावा हवं तर. पण मग मी आत उभी राहीन. आणि आत ती मला शोधणार कुठे?"

घोंगडी फाटकावर टाकली. आत आलो. खिडकीशी बसून राहिलो.

बऱ्याच वेळानं रस्त्यावर खडी वाजली.

डावीकडून.

एकच माणूस. हलकं पाऊल. रस्त्यावर तर कुणी नव्हतं...

"कोण?" भाची म्हणाली. हळू.

आवाज थांबला. मग पुन्हा. जवळ.

"कोण...?"

उत्तर मला ऐकू आलं नाही. तिला आलं असावं. कारण तिचा डावा खांदा खाली झुकला. जरासा. कुणी हात ठेवल्यासारखा...

ती एक पाऊल उजवीकडे सरकली. जागा करून दिली. वळली. आत आली.

"मामा, दार लावून घ्या. थंडी येतेय."

एवढंच. खोलीत गेली आणि झोपली. मी दार लावलं. बाहेर बघितलं नाही. नाही बघितलं...

पहाटे भाचा आणि मी अंगणात गेलो. फरशी दवानं ओलीचिंब. फाटकापाशी मात्र दोन पावलं कोरडी. बुटांची, टाचेला टाच लावलेली. माझ्या वितीएवढी. येतानाची नाहीत, जातानाची नाहीत. शिडीचा पाय तर भावाच्या चपलेत मावत नाही.

ती दुपारी उठली तोवर ऊन येऊन सगळंच वाळलं होतं. मी सांगितलं. तिनं भावाकडे पाहिलं. "खरंच होती?"

नुसतं हो म्हणायचं होतं त्यानं. तर म्हणतो, "मामा सुतार आहेत. रात्री लाकडाचे दोन तुकडे कापून ठेवले असतील तिथं. थापाडे आहेत एक नंबरचे."

पोरीचा चेहरा पडला तो पडलाच. त्या रात्री पुन्हा फाटकापाशी.

बरी झाली असं समजू नका. एका डॉक्टरीणबाईकडे जाते आता, त्या तरी तिच्याशीच बोलतात. उभी अजून राहते. पण एखाद्या रात्री मध्येच आत येऊन झोपते.

यंदा थंडीत मी परत गेलो. पेटी घरीच ठेवली होती मुद्दाम. पहाटे उठून पाहतो तर भाचा फाटकापाशी उकिडवा बसलेला. फरशीवर तळहात ठेवून. भोवती सगळं ओलं. हाताखाली कोरडं.

मला बघून उठला. हात पाठीमागे घेतला. अजून एक शब्द नाही. तिची माफी आधी माग म्हणावं, मग माझी. थापाडा म्हणाला होता मला, माझा सख्खा भाचा.