संकष्टीची खिचडी

"हिनंच कालवलंय काहीतरी खिचडीत!" बायडाबाईंनी सुनेकडे बोट दाखवलं. "एकदा खात्री करा ताई, मग हिला पोलिसातच देते."

परवाच्या संकष्टीला हर्षालीच्या नवऱ्याचा, गोरक्षचा, श्वास कोंडला होता. दवाखान्यातून तो जेमतेम जिवंत परतला. दोन महिन्यांपूर्वीच्या संकष्टीलाही तसंच. दोन्ही वेळा खिचडी तिच्याच हातची. आपल्याच हातून काही होतंय का, या विचाराने तिला रात्रभर झोप नव्हती.

सासूने बोलावलेली खासगी गुप्तहेर तेजल शांत बसली होती. तिचा सहकारी जीवन मात्र निकाल देऊन मोकळा झाला. "उपासाच्याच दिवशी झटका, मॅडम. म्हणजे खिचडीच!"

"आत काहीतरी करपतंय," तेजल म्हणाली.

हर्षाली धावली. दूध जळून भांडं काळं झालं होतं. गोरक्ष स्वयंपाकघराच्या दारातच तोंड उघडं टाकून बसला होता.

"मला कळलंच नाही," तो गेंगाण्या आवाजात म्हणाला. "चार वर्षं वासच येत नाही. डॉक्टर म्हणाले, नाकात मांस वाढलंय, ऑपरेशन करा. भ्यायलो, गेलो नाही. वर दमा."

"या दोन्हींच्या मधल्या संकष्टीला काय झालं?" तेजलने विचारलं.

"काहीच नाही. सिन्नरला डबल ड्यूटी होती, हिच्याच डब्यातली खिचडी खाल्ली. उपासानं डोकं तेवढं ठणकत राहिलं."

"आणि घरी असलात की डोकेदुखीवर काय घेता?"

"मी हाय की गोळी द्यायला!" बायडाबाई पाण्याचा पेला घेऊन आल्या. लेकाच्या हातावर त्यांनी गोळी ठेवली. "आत्ताबी डोकं धरून बसलाय बघा. घे रे."

तेजलने त्यांच्या हातातलं गोळ्यांचं पाकीट वाचलं. "गोरक्ष, ती गोळी तोंडात घालू नका."

"जीवन, खिचडी तिन्ही वेळा होती. सिन्नरला नव्हती ती ही गोळी. ही ॲस्पिरिन आहे. नाकात असं मांस वाढलेलं आणि जोडीला दमा असला, तर काहींचा श्वास हिनं तासा-दोन तासांत कोंडतो. पक्कं डॉक्टर सांगतील. तोवर विचारल्याशिवाय दुखण्याची कुठलीच गोळी नको."

"म्हंजे मीच..." बायडाबाईंनी हातातलं पाकीट खाली टाकलं.

हर्षालीने नवऱ्याच्या तळहातावरची गोळी उचलून मोरीत टाकली. सासूच्या डोळ्यांकडे पाहण्याचं तिला धाडस होईना.

"हर्षाली," बायडाबाई हळूच म्हणाल्या, "मला काय कळत नाय बाई. त्याला काय द्यायचं, ते आता तूच दे."